हिरव्या भिंतीसमोर

५ जानेवारी, रविवार

चर्च सुटल्यावर पास्टर हिल्मरने मला तळघरात कॉफीच्या रांगेत गाठलं. म्हणाला, "लेम्पीबाई, फोटोंचं पुस्तक यंदा व्हायलाच हवं. मागच्या पुस्तकातली कितीतरी माणसं टेकडीवर गेली." टेकडीवर म्हणजे कबरीत. मी म्हणलं, "मग चांगलंच की, तेवढे फोटो कमी काढायचे." त्याला हसावं का नाही कळेना. पास्टर झाला तरी पोरच आहे, आमच्या बोलण्याला अजून सरावला नाही.

दर पाच-सहा वर्षांनी चर्चमधल्या एकेका घराचा फोटो काढायचा, खाली नावं आणि फोन नंबर छापायचे, आणि ते पुस्तक घरोघरी फोनशेजारी पडून राहतं. इतकी वर्षं हे काम माझ्या रेनोचं होतं. रेनो सप्टेंबरपासून टेकडीवर. त्याचा कॅमेरा, फ्लॅश आणि बाकी लटांबर कपाटात पडलंय. मी हो म्हणून बसले. घरी तरी काय करत होते, खिडकीतून बर्फ बघत होते.

सायमा म्हणाली, "वहिनी, तुला टोस्टर लावता येत नाही धड, तू फोटो काढणार?" सायमा म्हणजे रेनोची बहीण. शेजारीच राहते, दुर्दैवाने.

१४ जानेवारी, मंगळवार

सायमाला चर्चच्या तळघरात बसवून सरावाचा रोल काढला होता, तो आज धुऊन आला. अगं बाई! पांढरंफटक तोंड, डोळे सशासारखे लाल, कपाळावर तेलाची चकाकी, आणि मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. जणू शेजारी दुसरी सायमा उभी. एक काय कमी होती?

"कोंबड्या चोरताना पकडल्यासारखी दिसतेय मी," ती म्हणाली.

मग रेनोची पेटी उपसली. त्यात पांढरी कार्डं, रबरबँड, दुधाच्या प्लास्टिकच्या बाटलीचं कापलेलं बूड आणि त्याचा रुमाल. आता आठवलं सगळं. तो फ्लॅशचं तोंड छताकडे करायचा आणि मागे पांढरं कार्ड बांधायचा. उजेड छताला आपटून खाली यायचा, थोडा कार्डावरून तोंडावर. छत उंच असेल तर बाटलीचं बूड फ्लॅशला टोपीसारखं घालायचा. त्याला तो डिफ्यूजर म्हणायचा, मी दुधाची बाटलीच म्हणायची. उजेडाला आधी कुठेतरी आपटवायचं, मग त्याचा माज जातो आणि तो मऊ होतो. पोरींचंही तसंच, असं माझी आई म्हणायची.

एकदा फ्लॅश चुकून तळघराच्या हिरव्या भिंतीकडे वळला, तर सायमा हिरवी आली, तळ्यातून काढल्यासारखी. म्हणजे उजेड ज्याला आपटतो त्याचा रंग घेऊन येतो. हे लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

१८ जानेवारी, शनिवार

डेल आला होता, न बोलावता, माझ्या छपरावरचा बर्फ काढायला. दिवसभर काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो, आणि उरलेल्या वेळात गावातल्या म्हाताऱ्यांची छपरं मोकळी करतो. कॉफी आणि माझ्या हातच्या निसूचे, आमच्या फिनिश गोड पावाचे, दोन तुकडे एवढ्यावर खूश. वेलची जास्त पडली होती तरी बोलला नाही.

इर्माने नशीब काढलं. तिच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातात धरली होती, आणि तिची आई गेल्यापासून ती माझीच लेक म्हणायची. मग डेल माझा जावई आणि सहा वर्षांची हायडी माझी नात. हिशेब सरळ आहे.

मी विचारलं, "काय रे, इर्मा साउनाला का येत नाही? ख्रिसमसच्या आधीपासून गायब आहे." शनिवारी आम्ही बायका माझ्या साउनात उघड्या अंगाने वाफ घेत बसतो, तिच्या आईच्या वेळेपासून.

"तिला हल्ली उष्णता सोसत नाही मावशी. चक्कर येते. परवा जिन्यात पडली."

मी नुसती त्याच्या कपात कॉफी ओतली. पण मी काय कालची आहे? चक्कर, उष्णता नको, सैल स्वेटर, गळ्यापर्यंत कॉलर. तो गेल्यावर पांढरी लोकर काढली आणि इवलासा मोजा घातला सुईवर.

साउनात सायमाला सांगितलं. तिने तापल्या दगडांवर पाणी टाकलं, वाफेत तिचं तोंड दिसेना. म्हणाली, "वहिनी, तिची पाठ शेवटची कधी पाहिलीस तू?"

"पाठ कशाला? मला पोट बघायचंय!"

तिने अजून एक तांब्या पाणी दगडांवर ओतलं. तिला म्हातारपणी विनोद कळेनासे झालेत.

२६ जानेवारी, रविवार

आज फोटोंचा दिवस. पाय दुखतायत पण काय मजा आली!

रेनोची एक खोड होती. प्रत्येकाचा पहिला फोटो तो उघड्या फ्लॅशने मारायचा, कार्ड नाही, बाटली नाही, फाडकन तोंडावर. माणूस एकदा दचकला, डोळे मिचकावून झाले, की सैल पडतो आणि पुढचा फोटो चांगला येतो. त्याला आम्ही भुताचा फोटो म्हणायचो. मीही तेच केलं, फक्त एक भर घातली. सगळ्यांना बजावलं, "पैसे देऊन सोडवा, नाहीतर घसरगुंडीच्या रविवारी, बर्फातल्या सणाला, हे सगळे इथे भिंतीवर लावणार."

म्हातारा आर्वो कवळी काढून हसला. रूथ हेइनोनेन नेमकी त्या क्षणी केस सारखे करत होती, हात डोक्यावर, नवरा एकीकडे बघतोय, पोरगी जांभई देतेय.

डेल, इर्मा आणि हायडी शेवटी आले. डेलने टाय लावला होता. इर्माच्या तोंडावर इतकी पावडर की मी म्हणलं, "काय गं, निसूवर साखर भुरभुरवतात तशी आलीस." ती हसली, म्हणजे ओठ हलले. उघडा फ्लॅश मारला तर बाई अशी दचकली! हात सर्रकन तोंडापुढे, बाही कोपरापर्यंत खाली घसरली, आणि हायडी तर टेबलाखाली पळाली. सगळं तळघर हसलं. आर्वो म्हणाला, "फ्लॅश आहे, अस्वल नाही!" डेलही हसला. "माझी बायको स्वतःच्या सावलीला घाबरते," म्हणाला, आणि तिचा हात धरून हळूच खाली केला. किती माया.

कार्ड बांधत होते तेव्हा इर्मा जवळ आली. "मावशी, उजेड मऊ करशील ना?"

"करतेय की. तिशीतच सुरकुत्या मोजायला लागलीस?"

"अजून मऊ होतो का?"

मग मी कार्डासकट सगळ्यावर रेनोचा रुमालही बांधला, दुहेरी घडी करून. तिला डोळा मारून म्हणलं, "दोन जीवांना दोन पदर." ती माझ्याकडे बघत राहिली. लाजली असेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो आले. मी शहाणी आहे असं मी आधीपासूनच म्हणत होते. कुणाच्याही तोंडावर खड्डा नाही, सावली नाही. सायमा पन्नाशीची दिसतेय, म्हणजे वीस वर्षं मी खाल्ली. इर्माचा तर बघतच राहावा. चेहरा दुधासारखा, डोळ्यांखाली काही नाही, डेलचा हात खांद्यावर, हायडी मधे. त्याची मोठी प्रत करून डेलला दिली. त्याने ती ट्रकमध्ये पुढे लावलीय म्हणे.

भुतांचे फोटो वेगळ्या पाकिटात ठेवले. एकेक बघून पोट दुखलं हसून. इर्माचा मात्र वाईट छापलाय. हात वर केलाय त्यावर कोपराखाली हिरवट-पिवळे गोल डाग आलेत, आणि जबड्याच्या कडेलाही. तळघराच्या भिंतीचा रंग, दुसरं काय. लॅबवाल्यालाही काही कळत नाही.

मोजे दोन्ही झाले. टोपरं सुरू केलं.

१ मार्च, रविवार

घसरगुंडीचा रविवार. पोरं बर्फाच्या उतारावरून घसरली, तळघरात वाटाण्याचं सूप, आणि भिंतीवर माझी भुतं. लोक बोटं दाखवून हसत होते. "हा बघ तुझा बाप!" "अगं, तूच बरी दिसतेस का?" सायमाने स्वतःचा फोटो भिंतीवरून काढून सुपाच्या भांड्याला चिकटवला, म्हणाली, कुणी दुसरी वाटी मागायचं नाही.

इर्माच्या फोटोपुढे लोक हात तोंडापुढे धरून तिची नक्कल करत होते. मीही केली. डाग कसले असं कुणी विचारलं तर म्हणलं, भिंतीचा रंग.

डेल मात्र हसला नाही. भिंतीजवळ गेला, टाचणी काढली, फोटो घडी करून खिशात घातला. माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाला, "मावशी, असले फोटो नकोत. माझ्या घरची गोष्ट आहे." मी ओशाळले. खरंच, पोटुशी बाई, तिची अशी टिंगल करायला नको होती. इर्मा कोट घालून दारात उभी होती. तिचा वाडगा तसाच भरलेला.

३ मार्च, मंगळवार

इर्मा दवाखान्यात. घरी तळघराच्या पायऱ्यांवरून पडली म्हणे. जबडा मोडला, तारेने बांधलाय. डाव्या कानाचं बघू म्हणाले.

मी नर्सला विचारलं, "आणि बाळ?" ती म्हणाली, "कुठलं बाळ?"

बाहेर गाडीत सायमा बसली होती. तिला म्हणलं, "अगं, बाळ नव्हतंच. मग ती साउनाला का येत नव्हती?"

सायमाने गाडी सुरू केली, मग परत बंद केली. "तिच्या घरी तळघर आहे का, वहिनी?"

नाही. त्यांचं घर सपाट दगडावर आहे. मला माहीत होतं. ते घर बांधताना रेनोने पाया पाहिला होता.

"मला शंका होती," सायमा म्हणाली. "खात्री नव्हती, म्हणून तोंड उघडलं नाही. तू निदान आंधळी होतीस. माझं काय?"

 

१० मार्च, मंगळवार

इर्मा आणि हायडी आता माझ्याकडे आहेत. दवाखान्यातून सायमाने परस्पर इथे आणलं.

आज साउना थोडाच तापवला आणि तिला आंघोळ घातली. पाठ पाहिली. काय पाहिलं ते लिहीत नाही. काही जुनं, काही त्याहून जुनं.

ती बांधलेल्या दातांतून बोलते, हळूहळू. म्हणाली, "त्या रविवारी घरी गेल्यावर तो म्हणाला, सगळ्या गावाला दाखवलंस." मी म्हणलं, "गावाला मी दाखवलं, तू नाही." ती म्हणाली, "त्याला तेच सांगितलं मी. मग तो म्हणाला, मावशीला कुणी दाखवलं?"

मोजे आणि टोपरं उसवलं. त्या लोकरीचं हायडीला काहीतरी करीन.

१९ मार्च, गुरुवार

कोर्ट. डेल लांब राहावा आणि हायडी आईकडे राहावी, एवढंच मागणं. इर्माची वकीलबाई तरुण आहे, चांगली आहे. पण दवाखान्यात इर्माने स्वतःच्या तोंडाने "पडले" असं सांगितलं होतं. तो शेजारी उभा असताना दुसरं काय सांगणार होती?

वकीलबाई म्हणाली, हे एकदाचं नाही, हिवाळाभर चाललंय. तेव्हा डेलच्या वकिलाने मी काढलेला फोटो पुढे केला. मोठा, चौकटीतला. "जानेवारीच्या शेवटचा. चर्चच्या फोटोग्राफरने काढलेला. या चेहऱ्यावर काही दिसतंय?"

जजने चष्मा काढून बघितला. काही दिसलं नाही. दिसणार कसं? मी कार्ड बांधलं होतं, वर रुमाल, दुहेरी घडी.

डेलच्या बाजूने अर्धं चर्च बसलं होतं. ज्यांची छपरं तो मोकळी करतो ते सगळे. माझंही नाव त्यात असतं. जज म्हणाले, एवढ्यावर त्याला दूर ठेवता येणार नाही, आणि हायडी शनिवार-रविवार बापाकडे जाईल.

इर्माने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला राग आला असता तर बरं झालं असतं.

२० मार्च, शुक्रवार

वकीलबाईचा फोन आला. जे काही उरलंय त्याचे फोटो काढून ठेवा, म्हणाली. साउनाच्या बाहेरच्या खोलीत इर्माला स्टुलावर बसवलं, पाठमोरी. डाग जवळजवळ गेलेत, नुसते पिवळे ढग राहिलेत.

मी फ्लॅश लावला, तर ती मान न वळवता म्हणाली, "कार्ड लाव ना, मावशी."

"नाही गं बाळ. आज नाही."

"लाज वाटते."

"वाटू दे. मलापण वाटतेय, तुझ्याहून जास्त."

फ्लॅश उडाला. ती दचकली, हात वर गेला. आणि मी कॅमेरा तसाच धरून उभी राहिले.

उघडा फ्लॅश. सरळ जातो, सरळ परत येतो. छताला लागत नाही, भिंतीला लागत नाही. भिंतीला लागलाच नाही, तर भिंतीचा रंग आणणार कुठून? कार्डाच्या फोटोत आला असता तर समजू शकले असते, आणि त्या फोटोत हिरवं टिपूस नव्हतं. मीच लिहून ठेवलं होतं जानेवारीत. स्वतःच्या हाताने लिहिलं आणि स्वतःच वाचलं नाही.

डेलने भिंतीवरचा फोटो नेला. पण निगेटिव्ह माझ्याकडे आहेत. रेनोच्या पेटीत, पट्टी पट्टी कापून. घरात पळत गेले, खिडकीशी धरली. त्यात हात वर, बाही खाली, आणि निगेटिव्हमध्ये उलटे उजळ दिसणारे चार ठिपके ओळीत. तशीच चार बोटं माझ्याच कोपराखाली आवळून बघितली. बसली.

त्याच पट्टीवर पुढचा तो सुंदर फोटो. दोन्हींच्या मधे मी रुमालाची गाठ मारायला घेतला तेवढाच वेळ.

पट्टी सायमाकडे दिली. तिने ती कुठे ठेवली ते मी इथेही लिहिणार नाही, पण कुठलाही सभ्य पुरुष तिथे हात घालणार नाही.

२१ मार्च, शनिवार

डेल हायडीला न्यायला आला. आधी माझ्या छपरावर चढला. काही न बोलता सगळा बर्फ काढला, नेहमीसारखा. इर्मा मागच्या खोलीत, दाराला खुर्ची लावून. वरून फावड्याचा आवाज आला की हायडी माझा ॲप्रन धरायची.

मग आत आला, बूट पायपुसण्यावर झाडले, बसला. मी कॉफी दिली. निसू नाही दिला.

"मावशी, त्या दिवशीच्या फोटोची निगेटिव्ह असेल ना?"

"असेल की."

"ती द्या. उगाच कुणाच्या हाती लागायची. तुम्हाला एकटं राहायचंय इथे, अजून दोन महिने बर्फ पडेल." हे इतक्या गोड आवाजात की कुणालाही वाटलं असतं, पोरगा काळजी करतोय.

मी हात ॲप्रनखाली घेतले. तोंड मात्र नेहमीचं ठेवलं. "एवढंच ना? मला वाटलं, निसू मागतोस." पेटी काढली, चाळली, एक पट्टी दिली. त्याने खिडकीकडे धरली. एक पुरुष, एक छोटी मुलगी, एक बाई हात डोक्यापाशी नेलेली. निगेटिव्हमध्ये सगळी माणसं सारखीच, काळ्या तोंडाची आणि पांढऱ्या डोळ्यांची. त्याने चुलीचं झाकण उघडून आत टाकली. घाणेरडा वास सुटला.

रूथ हेइनोनेनला सांगायला हवं, तुमच्या घरची पट्टी चुलीत गेली.

मग तो हायडीला घेऊन गेला. तिने ट्रकमध्ये चढताना मागे बघितलं नाही. त्या ट्रकमध्ये पुढेच मी काढलेला तो फोटो लावलाय.

३ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा कोर्ट. दोन्ही फोटो शेजारी शेजारी. मला उभं केलं.

डेलचा वकील म्हणाला, "हे डाग म्हणजे भिंतीचा रंग, असं तुम्हीच लोकांना सांगितलं होतं ना?"

"हो. मी चुकले. उघडा फ्लॅश भिंतीला लागत नाही."

"हा फोटो तुम्हीच भिंतीवर लावलात? थट्टेसाठी?"

"हो."

"लोक हसले?"

"हो."

"तुम्ही हसलात?"

"मी नक्कल करून दाखवली," मी म्हणलं.

वकिलाने दोन्ही फोटो उचलले. मग त्याने विचारलं, "म्हणजे तुमचा कुठला फोटो खरा मानायचा, बाई?"

मी म्हणलं, "जो कुणाला भिंतीवर लावावासा वाटत नाही तो." विनोद करायचा नव्हता. तोंडाला सवय आहे, काय करू.

जज फोटोंकडे बराच वेळ बघत होते. मग तो फोटो हातोहात फिरला, आणि इर्मा समोर बसून बघत होती, कोण किती वेळ धरतो ते. निकाल झाला. डेलने लांब राहायचं, हायडी आईकडे. पुढच्या वर्षी पुन्हा बघतील.

आम्ही बाहेर आलो तर आर्वो पायऱ्यांवर. माझा साठ वर्षांपासूनचा मित्र. म्हणाला, "आता गावातली छपरं कोण साफ करणार, लेम्पी?" रागाने नाही. खरंच विचारत होता.

११ एप्रिल, शनिवार

इर्मा गेली. दोघी सकाळच्या बसने गेल्या. कुठे ते मी विचारलं नाही, म्हणजे मला कुणाला सांगता येणार नाही. डावा कान परत येणार नाही म्हणाले डॉक्टर. मी उजव्या बाजूने बोलत होते.

इथे राहणं शक्यच नव्हतं. दुकानात बायका तिच्याशी बोलत नव्हत्या. डेल अजून रोज ट्रक घेऊन गावातून जातो आणि लोक हात करतात. फक्त माझ्या दारापुढे ट्रक बर्फ ढकलायचं पातं वर उचलतो. सायमा आणि मी फावडं घेऊन वाट काढतो. दोघींचं वय मिळून गावापेक्षा जास्त असेल.

बसजवळ मी म्हणलं, "ती पट्टी तुझी आहे. घेऊन जा, नाहीतर जाळ."

ती उजवा कान माझ्याकडे करून उभी होती. म्हणाली, "पुस्तक छापून येणार आहे ना, मावशी?"

मी पास्टरला सांगितलं होतं, ते पान काढ. तो म्हणाला, छापखान्यात गेलंय, आता काही होत नाही.

"म्हणजे तो फोटो घरोघरी राहणार. फोनशेजारी," ती म्हणाली.  बसचं दार उघडलं. "तो दुसरा, त्या दिवशी लावलास ना भिंतीवर? परत लाव."

हायडीच्या हातात पांढरे हातमोजे होते, त्याच लोकरीचे. अंगठा जरा मोठा झालाय.

२६ एप्रिल, रविवार

पुस्तकं आली. चर्च सुटल्यावर पास्टरने तळघरात खोक्यातून वाटली. लोक आपापलं पान उघडून बघत होते. "किती छान आलोय आपण." "लेम्पीने दहा वर्षं कमी केली." मला शाबासकी देत होते, काही जण नजर चुकवून.

मी हिरव्या भिंतीपाशी गेले. फोटो मोठा करून आणला होता, चौकटीच्या मापाचा. त्याच जागी, जुन्या टाचणीच्या भोकात टाचणी घातली. हात वर, बाही खाली.

आधी कुणाचं लक्ष नव्हतं. मग रूथ हेइनोनेनच्या पोरीने विचारलं, "आई, ती कोणाला भितेय?"

रूथने तिला जवळ ओढलं. बोलणं एकेका टेबलावरून थांबत गेलं. पास्टर पुढे आला, म्हणाला, "लेम्पीबाई, हे इथे..." आणि तेवढ्यात सायमा आपली खुर्ची घेऊन आली, बरोबर फोटोखाली ठेवली, बसली आणि विणकाम काढलं. तिला उठवायला पास्टरला अजून दहा वर्षं लागतील.

आर्वो कप घेऊन आला. फोटोपुढे उभा राहिला. त्याने स्वतःचा हात तोंडापुढे आणला, हळूच, जशी आम्ही तेव्हा नक्कल केली होती तसा, आणि तिथेच धरून ठेवला. मग कप टेबलावर ठेवून जिना चढून गेला. त्याच्यामागे बाकीचे गेले. कोट शोधण्याचा आवाज, बुटांचा आवाज, बोलणं नाही.

डेलची आईसुद्धा होती. ती शेवटपर्यंत बसून राहिली, पुस्तक मांडीवर मिटून.

सायमा आणि मी भांडी आवरली. कॉफीचं मोठं भांडं उघडलं तर काठोकाठ भरलेलं. या चर्चच्या तळघरात रविवारी कॉफी उरल्याचं मला आठवत नाही. मोरीत ओतली. बराच वेळ ओतत होते.